तनुजाचे मामेसासरे

रहस्यपट घरी बघू नये असं माझं ठाम मत आहे आणि घरात त्या मताला कोणी विचारत नाही. थेटरात अंधार असतो, शेजारी परकी माणसं असतात आणि तिकिटाचे पैसे गेलेले असतात. त्यामुळे काही कळलं नाही तरी माणूस कळल्याचा चेहरा करून बसून राहतो. घरी दिवा चालू, आजूबाजूला नातेवाईक आणि त्यांतल्या एकाच्या मांडीवर रिमोट. कळलं नाही की तिथल्या तिथे विचारायचा हक्कच पोचतो. साधा खुनाचा पिक्चर असेल तर हे निभावतं. मेलं कोण ते दिसलेलं असतं, मारलं कोणी एवढंच राहतं. पण ज्यात एकाला सगळे दुसराच समजतात, तो पुढे खरोखरच दुसरा असल्याचं सोंग घेतो आणि संशय मात्र तिसऱ्याचाच यायला हवा असतो, असा पिक्चर लागला की पडद्यावरचा घोळ कुठे संपला आणि कोचावरचा कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही.

‘ज्वेल थीफ’ हा हिंदीतला त्या जातीचा अस्सल नमुना. विजय आनंदचा, १९६७ सालचा. तो लावायचं ठरलं कारण आत्या आणि आतोबा मुक्कामाला आले होते, आणि आतोबांनी तो त्या वेळी कोल्हापुरात कॉलेज बुडवून पाहिला होता. देव आनंदच्या डोक्यावर असते तसली चौकड्यांची टोपीही त्यांनी शिवून घेतली होती.

“तीच घालून मला बघायला आले होते,” आत्या म्हणाली. “आमच्या आप्पांना वाटलं, मुलाच्या डोक्याला काही लागलंय आणि लपवतायत.”

ओळखीचा पहिला घोटाळा पिक्चर सुरू व्हायच्या आधीच झाला. चिरंजीवांनी नाव टाकलं, समोर आला तो पहिला पिक्चर लावला आणि स्वतःच्या फोनमध्ये डोकं घातलं. तो निघाला त्याच नावाचा, पण २०२५ सालचा, सैफ अली खानचा. आतोबा बराच वेळ हाताची घडी घालून बघत होते. “देव आनंद जरा उशिरा येतो यात,” ते म्हणाले. तोवर आत्यानं सैफला ओळखून त्याचं मूळ काढलं होतं: पतौडीचे नवाब, शर्मिला, तिचं टागोरांच्या घराण्याशी नातं, आणि एक डोळा अधू झाल्यावरही पतौडी बॅटिंग कशी करायचा. शेवटी आमच्या कन्येनं आत येऊन विचारलं, “आजोबा, तुमच्या वेळी लॅपटॉप होते?” तेव्हा कुठे आतोबांनी घडी सोडली.

आत्याबद्दल आधीच सांगायला हवं. ती जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि तिला माणूस तोंडावरून ओळखणं मान्य नाही. तोंडं काय, सारखी असू शकतात. ती माणूस कुळावरून ओळखते. खरा ‘ज्वेल थीफ’ सुरू होऊन पाच-दहा मिनिटं झाली असतील-नसतील, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. आमच्या इमारतीत आमच्याच आडनावाची आणखी दोन बिऱ्हाडं आहेत, त्यामुळे पार्सलवाला पोरगा आधी आमच्याकडे येतो, मग वर जातो, मग पुन्हा आमच्याकडे येतो. मी खोका परत देऊन दार लावणार, तर आत्या माझ्या मागे येऊन उभी. “नाव काय रे तुझं? मूळ गाव कुठलं? तिथे घर कुणाच्या शेजारी?” एवढ्यात तो पोरगा तिच्या मावसबहिणीच्या दिराच्या शेताशेजारचा निघाला, त्याला घरी केलेला चिवडा मिळाला आणि वरच्या मजल्यावरचं पार्सल चिवड्याच्या पुडीसकट योग्य जागी गेलं. एवढा वेळ टीव्हीवर अशोककुमार थांबवून ठेवलेला होता. भुवया किंचित उंचावलेल्या, चेहऱ्यावर घरच्या वडीलधाऱ्या माणसाचं हसू.

तर गोष्ट अशी. विनय हा पोलीस कमिशनरचा मुलगा. त्याला वडिलांच्या खात्यात रस नाही, हिऱ्यामाणकांची मात्र जाण आहे, म्हणून तो एका जवाहिऱ्याकडे नोकरीला लागतो. इकडे मोठमोठ्या चोऱ्या चाललेल्या आहेत. आणि विनय जाईल तिथे लोक त्याला ‘अमर’ म्हणून हाक मारतात. कुणाला तो अमर म्हणून माहीत, कुणाला अमर म्हणून प्रिय. एका पार्टीत तर शालू नावाची मुलगी भर लोकांत सांगते की हाच माझा होणारा नवरा, आमचा साखरपुडा झालाय. शालू म्हणजे वैजयंतीमाला. तिचा भाऊ अर्जुनसिंग तिच्यामागे ठामपणे उभा. तो अशोककुमार.

“मुंबईच्या पोलीस कमिशनरचा मुलगा, आणि त्याला मुंबईत एकजण ओळखत नाही?” आत्यानं सुरुवातीलाच विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यावर कन्येनं फोनमध्ये बघून माहिती पुरवली की हे जे वडील झालेत ते नझीर हुसेन १९२२ सालचे आणि देव आनंद १९२३ सालचा. म्हणजे कमिशनर साहेबांना पहिल्या वर्षीच मुलगा झाला होता. हा हिशोब मांडून होईपर्यंत दोन माणसं विनयला अमर समजून गेली, ती आम्हाला दिसलीच नाहीत.

मग तनुजा आली. जवाहिऱ्याची लाडकी मुलगी, विनयवर भाळलेली. तिला बघून आत्या सरसावून बसली, कारण आता माहेरचं माणूस आलं होतं. शोभना समर्थांची मुलगी. शोभना म्हणजे १९४३ सालच्या ‘रामराज्य’मधली सीता. थोरली नूतन. नलिनी जयवंत नात्यातलीच. तनुजाची मुलगी काजोल, जावई अजय देवगण. इथपर्यंत आम्हीही बरोबर होतो. पुढे आत्या एकदम थांबली, पडद्यावरच्या अशोककुमारकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, “अरे, हे तर तिचे मामेसासरे.”

ते खरंच आहे. तनुजाचं लग्न शोमू मुखर्जींशी झालं. शोमू हे शशधर मुखर्जींचे चिरंजीव. शशधर मुखर्जींच्या पत्नी सतीदेवी या अशोककुमार, अनूपकुमार आणि किशोरकुमारच्या बहीण. म्हणजे अशोककुमार हे तनुजाच्या नवऱ्याचे सख्खे मामा. आतोबांनी क्षीण आवाजात सांगून पाहिलं की हे लग्न १९७३ साली झालं, पिक्चर १९६७चा आहे. “लग्न केव्हाही होईना,” आत्या म्हणाली, “घराणं आधीपासून होतंच की.” पाठीमागे किशोरकुमार देव आनंदसाठी गात होता. तोही मामेसासराच.

या एका शोधानं आमच्या घरातल्या तपासाला जी दिशा लागली, ती शेवटपर्यंत बदलली नाही.

आता हे मान्य करायला हवं की आत्याचे प्रश्न पडद्यावरच्या सगळ्या पोलिसांपेक्षा सरस होते. शालूनं साखरपुड्याचं सांगितलं तसं आत्यानं पॉज करायला लावलं. अमर काय? आडनाव? वडील काय करतात? साखरपुडा कुठे झाला, यादी कोणी केली, मध्यस्थ कोण होतं, मुलाकडून किती माणसं आली? आणि साखरपुड्याचा एकही फोटो नाही? यांतला कुठलाही एक प्रश्न त्या पार्टीतल्या कुठल्याही एका माणसानं विचारला असता, तर पिक्चर मध्यंतराच्या आत आटोपला असता. त्या पार्टीत मराठी बाई एकही नव्हती, हीच खरी अडचण. असती तर तिनं शालूला बाजूला घेऊन, पाणी देऊन, पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं असतं. आत्या रहस्याच्या इतकी जवळ गेली होती की आतोबांनी श्वास रोखून धरला.

आणि मग ती म्हणाली, “पण भाऊ स्वतः समोर उभा राहून सांगतोय ना. तोही अशोककुमार. मग खरंच असणार.”

आतोबांनी श्वास सोडला.

आतोबांची अवस्था वेगळीच होती. ज्याला शेवट माहीत आहे अशा माणसाइतकं घरात कोणी एकटं नसतं. “मी काही बोलणार नाही,” असं त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं आणि नंतर ठरावीक अंतरानं पुन्हापुन्हा जाहीर करत होते. मधूनच “नीट बघा हं” म्हणायचे. कशाकडे, असं विचारलं की “सगळीकडेच.” रहस्य सांभाळणाऱ्या माणसाला वाटतं की आपण न बोलून ते सांभाळतोय. आमची कन्या थोड्या वेळानं पिक्चर बघायची सोडून आतोबांकडेच बघायला लागली. अशोककुमार पडद्यावर आला की आजोबा चष्मा काढून पुसतात, हे तिनं दोनतीनदा पडताळून पाहिलं, चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती घडी करून फळीवर ठेवली आणि निवांत शेंगा सोलत बसली. तपास असाही करता येतो. पोलिसांना ती सोय नव्हती एवढंच.

एकदाच आतोबांचा तोल गेला. आत्या अशोककुमारची बाजू मांडत होती. त्यांना होमिओपॅथीची जाण होती, औषधं द्यायचे. दूरदर्शनवर ‘हम लोग’ लागायचं तेव्हा भाग संपला की हेच येऊन देशाला चार शब्द सांगून जायचे. देव आनंदला ‘जिद्दी’मध्ये काम मिळालं तेही यांच्यामुळे. असला माणूस दागिने कशाला चोरेल? “आणि ‘किस्मत’मध्ये कोण होते ते?” आतोबा उसळून म्हणाले. ‘किस्मत’ १९४३चा. कलकत्त्याच्या रॉक्सी थेटरात तो तीन वर्षांहून जास्त चालला, आणि त्यात अशोककुमार चक्क खिसेकापू होता. खोलीत क्षणभर शांतता पसरली. आम्हाला वाटलं, फुटलं आता रहस्य. पण आत्या ढळली नाही. “तो शेवटी चांगल्या घरचा निघतो,” ती म्हणाली.

या सगळ्यात माझी बायको स्वयंपाकघरात होती आणि अधूनमधून दारात येऊन चौकशी करत होती. असल्या पिक्चरची आत्तापर्यंतची गोष्ट मधूनच आलेल्या माणसाला सांगणं हे एक वेगळंच काम आहे.

“काय चाललंय?”

“हा विनय आहे, पण सगळे त्याला अमर म्हणतात.”

“मग अमर कुठाय?”

“तेच कळत नाहीये.”

“कोणाला?”

“विनयला.”

“अमरचा पत्ता नाही, आणि सगळे त्याला ओळखतात?” असं म्हणून ती कुकर बंद करायला गेली. आम्ही तिला हसलो. बिचारीनं सुरुवातच पाहिली नव्हती.

शालूनं साखरपुडा जाहीर केला त्या पार्टीतच तो प्रसिद्ध पायाचा प्रसंग येतो. अमरच्या एका पायाला म्हणे सहा बोटं आहेत. विनय भर पार्टीत बूट-मोजा काढतो आणि पाय सगळ्यांसमोर धरतो. पाच. शालू खजील, अर्जुनसिंग खजील, माफी मागून होते. आमच्या कोचावरच्या यच्चयावत माणसांनी या वेळी स्वतःच्या पायाकडे बघितलं. माझ्या मते जगात जिथे जिथे हा पिक्चर लागतो तिथे तिथे हे होत असणार.

आत्याला मात्र हा प्रसंग जिव्हारी लागला. पाय दाखवून ‘मी तो नव्हेच’ हे एका मिनिटात सिद्ध करता येतं, आणि तिला दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ‘मी तीच’ हे काही केल्या सिद्ध करता येत नाही. यंत्रावर अंगठा ठेवायचा. जन्मभर खडू धरून आणि नंतर भांडी घासून बोटांवरच्या रेघा झिजलेल्या. यंत्र म्हणतं, जुळत नाही. उजवा अंगठा, डावा अंगठा, मधलं बोट, हात पुसून, हाताला जरा तेल लावून. “बरं, समोर बसलेला मुलगा कोण? माझाच विद्यार्थी,” आत्या सांगत होती. “उठून नमस्कार केलान. बाई, तुम्ही अजून तशाच दिसता म्हणाला. चहा मागवला. आणि म्हणाला, बाई, पण तुम्ही तुम्ही आहात हे मला नाही सांगता येणार, मशीनला सांगावं लागेल.” आता चेहरा दाखवूनही ते काम होतं असं चिरंजीवांनी मोबाइलवर शोधून सांगितलं. “चेहऱ्यावर काय जातं?” आत्या पडद्याकडे हात करून म्हणाली. “बघतोयस ना काय चाललंय ते.”

मध्यंतरानंतर पिक्चर सिक्कीमला जातो. सिक्कीम तेव्हा भारतात यायचं होतं, ते १९७५ साली आलं. त्यामुळे चोरांच्या मागे राजाराणीच्या मुलखात जाणं याला त्या वेळी काही वेगळंच वजन असणार. आमच्याकडे ते वजन टिकलं नाही, कारण आत्या आणि आतोबा गंगटोकला सहलीच्या गटाबरोबर जाऊन आलेत. “इथे आता हॉटेल झालंय. इथे आपण थांबलो होतो ना? त्या पाटणकरबाईंना उलटी झाली ती इथेच.” विनय जीव मुठीत धरून एका दारातून आत शिरत होता आणि आम्हाला त्या दाराच्या अलीकडे शेवभाजी बरी मिळते ही माहिती मिळत होती.

“आता काय झालं?” बायको दारात.

“आता विनय अमर झालाय.”

“म्हणजे तो अमरच होता?”

“नाही गं, तो विनयच आहे. अमर असल्याचं सोंग घेतलंय, टोळीत शिरायला.”

“आणि खरा अमर आला तर?”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. “गाणं चालू आहे, थांब जरा,” असं म्हणून मी वेळ मारून नेली. सचिनदेव बर्मनच्या गाण्यांची या पिक्चरमध्ये हीच एक पंचाईत आहे. बाकीच्या रहस्यपटांत गाणं लागलं की माणूस उठून पाणी पिऊन येतो, सगळ्यांचं सगळं एकमेकांना विचारून घेतो. इथे गाणी अशी आहेत की उठवत नाही, आणि गाणं संपेपर्यंत आपण काय विचारणार होतो तेच विसरायला होतं. विजय आनंद हे जाणूनबुजून करत असावा असा मला दाट संशय आहे.

त्याची खरी चलाखी मात्र दुसरीकडे आहे आणि ती आजच्या पोरांना सांगितल्याशिवाय कळत नाही. १९६७चा प्रेक्षक थेटरात येतानाच डोक्यात दुसरा देव आनंद घेऊन आला होता. त्याच देव आनंदनं १९६१ साली ‘हम दोनों’मध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन फौजी अफसरांचं काम केलं होतं. ‘ज्वेल थीफ’ आला त्याच वर्षी दिलीपकुमारचा ‘राम और श्याम’ आला. आदल्या वर्षी ‘मेरा साया’मध्ये साधना दोन-दोन. आणि तो ‘मेरा साया’ तर आपल्या राजा परांजप्यांच्या १९६४ सालच्या ‘पाठलाग’वरून घेतलेला. थोडक्यात, त्या काळात कुणी म्हणालं की तुझ्यासारखा हुबेहूब दिसणारा आणखी एक आहे, की प्रेक्षक शंका न घेता त्याच्या येण्याची वाट बघत बसायचा. पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना अनुभवानं माहीत होतं की एका तिकिटात दोन हिरो मिळतात. विजय आनंदनं ही सवयच वापरली. लोक तीन तास दुसऱ्या देव आनंदकडे डोळे लावून बसले, आणि पहिल्या अशोककुमारकडे कुणी पाहिलंच नाही.

१९६७चं रहस्य आता फोडलं तर पाप लागत नसावं. अमर नावाचा माणूस नाहीच. कधी नव्हताच. अर्जुनसिंग हाच चोर. पोलिसांनी भलत्याच चेहऱ्यामागे धावावं म्हणून त्यानं एक माणूस रचला आणि त्याला विनयचा चेहरा दिला. ज्यांनी ज्यांनी विनयला अमर म्हणून हाक मारली ते सगळे त्याचेच पढवलेले. शालूला धमकावून त्यात ओढलेलं, तिचा लहान भाऊ त्यांच्या ताब्यात.

हे उघड झालं तेव्हा आमच्या खोलीत जे झालं ते बघण्यासारखं होतं. आतोबांनी इतका मोठा निःश्वास टाकला की त्यांना खोकलाच लागला. कन्येनं उठून फळीवरची चिठ्ठी काढली आणि सगळ्यांना दाखवली. तिच्यावर ‘आजोबा चष्मा पुसतात तो’ एवढंच लिहिलं होतं. चिरंजीव फोनमधून डोकं वर काढून म्हणाले, “हे हिचकॉकनं आधीच केलंय.” ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’, १९५९. तिथे हेर केरी ग्रँटला जॉर्ज कॅप्लन समजून पळवतात आणि कॅप्लन नावाचा माणूस मुळात नसतोच. सरकारी खात्यानं त्याच्या नावानं हॉटेलात खोल्या घेतलेल्या, खोलीत त्याचे कपडे लटकवलेले. खुद्द केरी ग्रँट एक तृतीयांश काम झाल्यावरही हिचकॉककडे तक्रार करत होता म्हणे, की या गोष्टीचं डोकं-शेपूट मला कळत नाही. हे ऐकून आतोबांना फार बरं वाटलं. त्यांनाही कॉलेजात असताना पहिल्यांदा सगळं कळलं नव्हतं, पण टोपी शिवून झालेली असल्यामुळे बोलता आलं नव्हतं.

आणि मला आठवलं, की अमर कुठाय, त्याचा पत्ता कसा नाही, तो आला तर काय, हे बरोबर प्रश्न दोन्ही वेळा एकाच माणसानं विचारले होते, आणि त्या माणसानं पिक्चर पाहिलाच नव्हता. पहिल्यापासून बघत बसलेल्या आम्हा सगळ्यांना अमर चांगला माहितीचा झाला होता. त्याची बोटंसुद्धा आम्ही मोजली होती.

“आता?” बायको हात पुसत आली. पडद्यावर तो राजवाड्यातला शेवटचा नाच चालू होता. वैजयंतीमाला जिवाच्या आकांतानं नाचतेय आणि देव आनंद ढोल वाजवतोय, डोळ्यांत काही ओळख नाही.

“त्याला विजेचे झटके दिलेत. आता त्याला स्वतःलाच वाटतंय की आपण अमर आहोत.”

“मग मिटलं,” ती म्हणाली. “पानं घेऊ?”

आत्या मात्र बराच वेळ काही बोलली नव्हती. मामेसासऱ्यांना बेड्या पडलेल्या बघून तिला वाईट वाटलं असेल असं आम्ही धरून चाललो. पण तिचं डोकं दुसरीकडेच होतं. जेवताना आमटी वाढून घेता घेता ती एकदम म्हणाली, “पण ते सहावं बोट कशाला?”

वाद तिथेच पेटला. चिरंजीवांचं म्हणणं, तिथे गोष्टच फसलीय. विनयला अमर म्हणून अडकवायचं आहे, तर विनय अमर नाही हे सिद्ध होईल असं बोट स्वतःच कशाला काढायचं? आतोबा म्हणाले, त्यामुळेच तर विनयचा विश्वास बसला. आपल्यासारखा दुसरा खरोखरच आहे, ही माणसं प्रामाणिकपणे चुकली, त्यांनी माफीही मागितली, असं त्याला वाटलं. कन्या म्हणाली, नुसता चेहऱ्याचा सारखेपणा असता तर संशय आला असता, फरक दाखवल्यावर तो खरा वाटला.

“तेच म्हणते मी,” आत्या म्हणाली. “शाळेत मुलं गृहपाठ करून आली नाहीत की सांगायची, आजी वारली. मी उभं करायची. एक होता, तो म्हणायचा, बाई, आजी पडली, अंगणात तुळशीपाशी शेवाळ होतं, डाव्या पायाची करंगळी मोडली. त्याला मी कधीच उभं केलं नाही. दोन वर्षांनी त्याची आजी शाळेत आली संक्रांतीचं वाण घेऊन. दहाही बोटं जागच्या जागी.” तिनं भाताचा घास उचलला. “मला तेव्हाच कळायला हवं होतं हा अशोककुमार काय आहे ते. करंगळी सांगणारा माणूस.”

“पण तूच तर म्हणत होतीस...” आतोबांनी सुरुवात केली.

“मी नातं सांगत होते. नातं वेगळं.”

ताटं उचलताना पुढच्या शनिवारचा विषय निघाला. आता आपला मराठीच लावू, ‘पाठलाग’, असं आत्यानंच सुचवलं. मूळ तो तिथला, ‘मेरा साया’ नंतरचा. काशीनाथ घाणेकर आहेत त्यात, आणि भावना. काय काम केलंय दोघांनी. मुलांनाही पटलं. आतोबांनी तो पाहिलेला नव्हता, त्यामुळे या वेळी आपल्यालाही मोकळेपणानं बघता येईल म्हणून ते खुशीत होते.

“आणि गंमत म्हणजे,” आत्या डबा पुसत म्हणाली, “ती जी सुरुवातीला मरते ना, ती मुळात...”

“अगं!” आतोबा ओरडले. त्या अख्ख्या संध्याकाळीत ते पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलले होते. पण आत्याचं वाक्य पुरं झालं होतं. ते मी इथे देत नाही, तुमच्याही घरात कोणीतरी ते सांगायला असेलच. चिरंजीव पुन्हा फोनकडे वळले, कन्येनं चिठ्ठीचा कागद चुरगळून टाकला, आणि स्वयंपाकघरातून नळ बंद झाल्याचा आवाज आला.

“कोण मेलं?” बायकोनं विचारलं.